बिघाड कोणाचा?

सरकारी नोकरीत तीस वर्षे काढली की काही बिघडल्यावर पहिला प्रश्न आपसूक तोंडी येतो : "जबाबदार कोण?" काय बिघडले, कशाने बिघडले, हे प्रश्न नंतर येतात, आणि पुष्कळदा येतच नाहीत. या सवयीची मला चांगलीच ओळख आहे, कारण ती माझीही आहे. २०२३ च्या दिवाळीपूर्वीचे तीन रविवार मी बेंगळुरूच्या चिकपेटेत एका भारी मोटारीच्या पुढच्या आसनावर तिची माहितीपुस्तिका वाचत घालवले, त्याची ही हकिकत.

चिकपेट म्हणजे छोटी पेठ. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास बेंगळुरू वसवले तेव्हा एकमेकांना छेदणारे दोन मुख्य रस्ते आखले. उत्तर-दक्षिण गेलेला दोड्डपेटे हा आजचा अव्हेन्यू रोड, आणि पूर्व-पश्चिम गेलेला चिक्कपेटे. भोवती तांदळाची अक्कीपेटे, बांगड्यांची बळेपेटे. १६३८ नंतर हे सारे शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला आपण सगळेच अभिमानाने सांगतो. पण या पेठांमध्ये आज जे मराठी कानावर पडते ते जहागिरीतून उरलेले नाही. ते बहुतांशी सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातले आहे. तो टापू दुष्काळी. तिथली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर पसरली. कोणत्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारामागच्या बोळात शिरा, वरच्या मजल्यावर भट्टी, खाली काटा आणि भिंतीवर सिद्धनाथाची तसबीर असे एक तरी गलाई दुकान सापडते.

अशाच एका दुकानाचे मालक माझे स्नेही आहेत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या वडिलांनी इथे भट्टी लावली. आप्पांनी धंदा वाढवला आणि साठीच्या तोंडावर एक परदेशी बनावटीची लांबलचक सेदान गाडी घेतली. चार वर्षे वापरलेली होती, तरीही तिची किंमत ऐकून मी विषय बदलला होता. चिकपेटेत अशी गाडी आणणे म्हणजे हत्तीला माजघरात बांधणे. तिथे हातगाडीला वाट मिळत नाही. पण दुकानाला लागून एक आच्छादलेला बोळ आहे, त्याचे भाडे भरून आप्पांनी ती तिथे उभी करण्याची सोय केली होती. चालवायला अकरा वर्षांपासूनचा ड्रायव्हर होता. तुमकूरकडचा, अबोल माणूस.

सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी गाडी बोळातून अर्धी बाहेर आली आणि थांबली. समोरच्या पडद्यावर एकामागून एक इशारे उमटले. गिअरबॉक्समध्ये दोष, ब्रेकमध्ये दोष, स्टेअरिंगमध्ये दोष, हातब्रेक तपासा. मग सगळेच काळे झाले. जुनी ॲम्बॅसिडर असती तर चार हमालांनी ढकलून बाजूला केली असती. ही हलेना, कारण अशा गाड्यांत गिअरची दांडी ही नुसती कळ असते. वीज गेली की गिअर 'पी'वर अडकतो आणि चाके बांधली जातात. ढकलायचे कुठून? डिकी उघडेना, कारण तिचे कुलूपही विजेवर चालते आणि बॅटरी त्याच डिकीत. दोन तास रस्ता अडला. सणाच्या खरेदीचे दिवस. लोक काय काय बोलले असतील ते कन्नड न समजणाऱ्यालाही समजले असते.

गाडी उचलून वर्कशॉपमध्ये नेली. तिसऱ्या दिवशी तिथून एका पानाचा अहवाल आला. डिकीखालच्या नियंत्रक संचात पाणी गेल्यामुळे तो निकामी झाला आहे, हाताळणीतील निष्काळजीपणा, वॉरंटी लागू नाही, संच बदलावा लागेल, खर्च अंदाजे २ लाख ८६ हजार. तूर्त गाडी चालू करून दिली आहे, पण दोष पुन्हा उद्भवेल. आप्पांनी गाडी परत आणली, पैसे जमवू म्हणाले, आणि ड्रायव्हरला विचारले की गाडी धुताना डिकीत पाणी सोडले होते का. तो नाही म्हणाला. त्या महिन्याच्या पगारातून ५ हजार कापले गेले, पुढेही कापायचे ठरले. चौथ्या दिवशी तो गावी निघून गेला.

आप्पांनी मला बोलावले ते गाडीसाठी नव्हे. म्हणाले, "साहेब, तुमी जल्मभर चौकश्या केल्या. ह्यो गडी अकरा वर्सं माझ्याकडं हाय. मला त्याला काढायचं न्हाई, पन लाखा-लाखाची गोष्ट हाय. तुमी त्याला समोर बसवून इचारा, आन् काय ते लिवून द्या."

मी हो म्हणालो, आणि घरी जाताना मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर मला एकदम १९९८ साल आठवले.

तेव्हा मी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, नुकताच कार्यालयप्रमुख झालेला होतो. कार्यालयाच्या ॲम्बॅसिडरचे इंजिन दौऱ्यावर असताना जळाले. गॅरेजने बिलावर एक ओळ लिहिली : पाण्याकडे दुर्लक्ष केल्याने इंजिन जॅम. केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ मधील अकराव्या नियमात किरकोळ शिक्षांची यादी आहे. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची वेतनातून वसुली ही त्यातली एक. सोळाव्या नियमानुसार या शिक्षेसाठी सविस्तर चौकशी सक्तीची नाही. ज्ञापन द्यायचे, खुलासा मागवायचा, विचारात घ्यायचा, आदेश काढायचा. ड्रायव्हरने अर्ध्या पानाचा खुलासा दिला होता : गाडीचा तापमानाचा काटा चालत नव्हता, आपण तसे कळवले होते. मी टिप्पणीत लिहिले, "खुलासा समाधानकारक नाही." ३०५०–४५९० या वेतनश्रेणीतल्या माणसाच्या पगारातून ९ हजार ६०० रुपये, दरमहा ४०० प्रमाणे चोवीस हप्त्यांत वसूल झाले. आदेश निर्दोष होता. अपील झाले नाही.

आठ वर्षांनी त्याच कार्यालयात तपासणीसाठी गेलो असताना वाहनांची दुरुस्ती नोंदवही हाती आली. त्यात त्याच्या हातच्या तीन नोंदी होत्या, तीन वेगवेगळ्या तारखांच्या, इंजिन जळण्याआधीच्या : "टेंपरेचर मीटर बंद आहे." तिसऱ्या नोंदीखाली "पाहिले" असा शेरा आणि आद्याक्षरे होती. आद्याक्षरे माझी होती.

चिकपेटेत काम हाती घेताना मी हे आप्पांना सांगितले नाही. फक्त ठरवले की या वेळी माणसाला शेवटी विचारायचे, कागदांना आणि यंत्राला आधी.

पहिला कागद म्हणजे गाडीची माहितीपुस्तिका. ती पुढच्या कप्प्यात होती, चारशेवर पानांची, आणि पहिल्या मालकापासून कोणी पारदर्शक वेष्टनही फाडलेले नव्हते. आमच्या कार्यालयांतही नियमपुस्तकांची हीच अवस्था असते, त्यामुळे नवल वाटले नाही. मी ती दोन रविवारांत वाचून काढली. वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत, आणि आता परदेशातच नव्हे तर हिंजवडी-व्हाइटफील्डमध्येही पुष्कळांकडे आहेत, त्यांना यातल्या काही गोष्टी उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

खिशातल्या किल्लीची नाण्याएवढी बॅटरी दोन-तीन वर्षांनी संपते. मग दार उघडत नाही आणि माणूस घाबरतो. पण त्याच किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली दडवलेली असते, आणि दारावर कुठेतरी, बहुधा झाकणाखाली, तिचे भोकही असते. आत बसल्यावर ती मेलेली किल्ली ठरलेल्या जागी, बहुतेक स्टेअरिंगच्या दांड्याजवळ किंवा चालू करण्याच्या बटणापाशी, टेकवून धरली की गाडी तिला ओळखते. डिकी बंद आणि बॅटरी डिकीत असेल तर बॉनेटखाली अधिक-उणे खुणांची दोन टोके दिलेली असतात. दुसऱ्या गाडीची वीज तिथे जोडता येते. त्या संध्याकाळी एवढे कोणाला माहीत असते तर दोन तास रस्ता अडला नसता. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय चालेनाशी झाली की लोक तक्रार करतात. वस्तुतः पुष्कळदा तो बॅटरी अशक्त झाल्याचा पहिला निरोप असतो, गाडी आपली वीज राखून ठेवत असते. थंडीच्या पहाटे टायरच्या हवेचा दिवा लागतो, कारण थंडीने हवेचा दाब उतरतो. दिवा घालवण्याआधी दाब मोजावा. छताला उघडणारी काच असेल तर तिच्या कोपऱ्यांतल्या पन्हळी वर्षातून दोनदा साफ कराव्यात. बेंगळुरूच्या रेनट्रीखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत बारीक पाने त्यात अडकतात, पावसाचे पाणी आत उतरते आणि गालिच्याखालच्या यंत्रांपर्यंत पोहोचते. वर्कशॉपने पाण्याचा संशय घेतला तो हवेतून घेतला नव्हता, हे मला इथे कळले.

पण आप्पांच्या गाडीला उघडणारे छत नव्हते. मी डिकीतली चटई उचलली. खालचा कप्पा कोरडा होता. तिथे चार वर्षांची धूळ होती आणि त्या धुळीवर पाण्याचा एकही ओघळ नव्हता. वर्कशॉपच्या अहवालाला ओल्या संचाचे छायाचित्र जोडलेले नव्हते. आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो साध्या कारकुनाच्याही ध्यानात यायला हवा होता : "तूर्त गाडी चालू करून दिली" ती कशी? बिलात एक ओळ होती, बॅटरी चार्जिंग. पाण्याने मेलेला संच चार्जरने कसा जिवंत झाला?

दुसरी गोष्ट पुस्तिकेत नव्हती, ती तर्काने सुचली. गिअर, ब्रेक, स्टेअरिंग, हातब्रेक या चार स्वतंत्र यंत्रणा. त्या एकाच मिनिटाला बिघडल्या असे म्हणणे म्हणजे कार्यालयातले चार विभाग एकाच सकाळी अकार्यक्षम झाले असे म्हणणे. असे होते तेव्हा विभागांत दोष शोधू नये, त्या सगळ्यांना लागणारी सामाईक गोष्ट कोणती ते पाहावे. इथे ती गोष्ट वीज होती.

चिकपेटेपासून पायी काही मिनिटांवर सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजे एस.पी. रोड, हा विद्युत उपकरणांचा बाजार. तिथून साडेचारशे रुपयांचा मीटर घेतला. रात्रभर विसावलेल्या धडधाकट बॅटरीचा दाब १२.६ ते १२.८ व्होल्ट असतो, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी, ११.८ च्या खाली म्हणजे जवळजवळ संपलेली. आप्पांच्या गाडीचा आकडा आला ११.९. वर्कशॉपमधून भरून आणल्याला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, आणि मधल्या काळात आप्पांचा पुतण्या तीच गाडी घरून दुकानापर्यंत आणत होता. इंजिन चालू केल्यावर आकडा १४.२ झाला. म्हणजे वीज निर्माण करणारे यंत्र ठीक होते. पैसे येत होते, तरी तिजोरी रिकामी होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एवढे पुरे : खर्च कुठे होतो ते शोधायचे.

तिसऱ्या रविवारी जे.सी. रोडवरून एका वाहन-वायरमनला बोलावले. जे.सी. रोड हा मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार, आणि तिथल्या गल्ल्यांत अशी माणसे आहेत की ज्यांनी कोणत्याही कंपनीचे प्रमाणपत्र घेतलेले नाही, पण तारेला हात लावून तिची प्रकृती सांगतात. त्याने आपले यंत्र जोडून गाडीच्या स्मृतीतल्या नोंदी वाचल्या. वर्कशॉपने जुन्या नोंदी पुसल्या होत्या, परंतु दोन आठवड्यांत सात नव्या साठल्या होत्या. मी त्या काळाच्या क्रमाने लावायला सांगितले. आमच्याकडे पत्रव्यवहाराची फाईल अशीच लावतात. पहिली नोंद होती विजेचा दाब कमी असल्याची. बाकी सहा तिच्यानंतर काही सेकंदांतल्या. त्यातली एक त्या २ लाख ८६ हजारांच्या संचाची होती : "संपर्क होत नाही." संपर्क होत नव्हता, कारण संच उपाशी होता. दोषाची नोंद ही तक्रारीसारखी असते. कोण ओरडले ते ती सांगते, कोणी मारले ते सांगत नाही.

मग त्याने तारेभोवती चिमटा लावून गाडी बंद असताना किती वीज जाते ते मोजले. कुलूप लावून अर्धा तास गेल्यावर अशी गाडी झोपी जाते आणि प्रवाह ५० मिलिअँपियरच्या खाली उतरतो. आम्ही अर्धा तास थांबलो, मग पाऊण तास. आकडा खालीवर होत राहिला, पण सरासरीने अर्ध्या अँपियरच्या आसपासच. गाडी झोपत नव्हती. वायरमनने कन्नडमध्ये विचारले, किल्ली कुठे आहे?

किल्ली गादीच्या खणात होती. आप्पांची नेहमीची जागा. खण आणि बोळ यांच्यामध्ये लाकडी फळीची भिंत, आणि फळीच्या पलीकडे दीड हातावर गाडीचे दार. अशा गाड्या किल्ली जवळ आली की मालक आला असे समजून जाग्या होतात. ही गाडी रोज सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत मालक आत्ता येईल म्हणून डोळे उघडून बसत होती. मी ती किल्ली वरच्या मजल्यावर भट्टीमागच्या पोलादी पेटीत ठेवून आलो. अर्ध्या तासाने आकडा आला ३० मिलिअँपियर.

हिशेब सोपा होता. दिवसाला दहा तास अर्धा अँपियर म्हणजे पाच अँपियर-तास खर्च. जमेला काय, तर घर ते दुकान तीन-चार किलोमीटर, तेही वातानुकूलन चालू ठेवून गर्दीत सरकत. आणि बॅटरी कोणती? वर्षापूर्वी मूळ बॅटरी संपली तेव्हा पुतण्याने स्वस्तातली साधी आणून बसवली होती, सुमारे १२ हजार वाचवून. सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्या गाडीला वेगळ्या धाटणीची, पुन्हापुन्हा रिकामी होऊन भरणारी बॅटरी लागते, आणि कित्येक गाड्यांत नवी बसवल्याचे त्यांच्या संगणकाला कळवावेही लागते. दोन्ही झाले नव्हते. पुतण्याला परवानगी आप्पांनीच दिली होती.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण वर्कशॉपवाले लबाड होते असा वाचकांचा समज होईल आणि माझे मत तसे नाही. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडी कशी आहे ते माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि एवढ्यानेच बाजार कसा नासतो, हे त्यात दाखवले आहे. २००१ साली त्यांना नोबेल मिळाले त्यात या निबंधाचा वाटा मोठा. दुरुस्तीचा धंदा त्याच्या पुढचा आहे. डार्बी आणि कार्नी या दोघांनी १९७३ मध्ये मांडले की काही सेवा अशा असतात ज्यांची गरज होती की नव्हती, हे गिऱ्हाइकाला पैसे दिल्यावरही कळत नाही. संच बदलताना बॅटरीही भरली असती, गाडी काही आठवडे नीट चालली असती, आणि आप्पा म्हणाले असते, बघा, संचच गेला होता. तिथल्या तंत्रज्ञाला यंत्राने जे नाव दाखवले ते त्याने लिहिले. कारण शोधायला अर्धा दिवस लागतो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कोणी देत नाही, सुटा भाग बदलल्याची देतात.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच मुळावर बोट ठेवून. सुटे भाग आणि दोष वाचण्याची यंत्रे बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न देणे म्हणजे स्पर्धा मारणे, असे त्या आदेशाचे सार. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारींसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात त्या विषयाचे एक संकेतस्थळ काढले. कायदा नाही. गंमत अशी की आप्पांच्या धंद्यात हे कोडे शासनाने पुष्कळसे सोडवले आहे. दागिन्यातले सोने किती कसाचे हे गिऱ्हाइकाला कळत नसे, म्हणून १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. आप्पा स्वतः सांगतात, पूर्वी मोड घेऊन येणारा माणूस काट्याकडे बघत नसे, त्यांच्या तोंडाकडे बघत असे. बिघाडाच्या निदानाला असा कोणताही शिक्का नाही. तिथे आपण सगळेच तोंडाकडे बघतो.

मी अहवाल लिहिला, एका पानाचा, मराठीत. दोष, कारण, पुरावा, आणि शेवटी निष्कर्ष : ड्रायव्हरकडून कोणतीही कसूर झालेली नाही. त्याखाली आणखी एक ओळ लिहायची की नाही यावर मी बराच वेळ घालवला. चौकशी अधिकाऱ्याला नेमणाऱ्याविरुद्ध निष्कर्ष काढण्याची आमच्याकडे रीत नाही. शेवटी लिहिली : किल्ली ठेवण्याची जागा आणि बॅटरीची निवड हे दोन्ही निर्णय मालकाचे होते.

आप्पांनी चष्मा लावून वाचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. "म्हंजी चूक माझी."

मी म्हणालो, "तुम्हाला माहीत नव्हते."

"त्याला तरी कुटं म्हाईत हुतं?" आप्पा म्हणाले. "पन पैसं त्याचं कापलं."

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. नवी, योग्य प्रकारची बॅटरी बसवली, वायरमनने ती गाडीच्या संगणकात नोंदवली, सगळे मिळून ३४ हजारांच्या आत भागले. किल्ली वरच्या पोलादी पेटीत जाऊ लागली. आप्पा स्वतः तुमकूरच्या बाजूला त्या गावी गेले, बसने गेले, आणि दिवाळीच्या दोन दिवस आधी ड्रायव्हरला घेऊन आले. कापलेले पैसे दिले का, हे मी विचारले नाही. पाडव्याला मी गेलो तेव्हा तो गाडी पुसत होता. मीटर त्याच्या शर्टच्या खिशात होता. त्याने आपण होऊन बॉनेट उघडले, टोके लावली आणि आकडा मला दाखवला : १२.७.

त्या दिवशी आप्पांना १९९८ ची गोष्ट सांगितली. दुकान बंद होते, पूजा आटोपली होती. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी विचारले, "मग त्या गड्याचं काय केलंत?"

केले होते ते सांगितले. नोंदवही सापडली तेव्हा तो निवृत्त झालेला होता. नियम २९-क खाली नवा पुरावा पुढे आल्यास राष्ट्रपतींना आदेशाचे पुनर्विलोकन करता येते. मी तसा प्रस्ताव पाठवला. चार महिन्यांनी उत्तर आले की मूळ प्रकरणाचा अभिलेख मुदत संपल्याने नष्ट करण्यात आला आहे, सबब कार्यवाही शक्य नाही. मी ते पत्र फाईलला लावले.

"गाव म्हाईत हाय का त्याचं?"

माहीत होते. वर्धा जिल्ह्यातले. प्रस्ताव करताना सेवापुस्तिकेतून उतरवून घेतले होते.

आप्पा काही बोलले नाहीत. फराळाचे ताट माझ्याकडे सरकवले.

पुढच्या फेब्रुवारीत रजा काढून मी त्या गावी जाऊन आलो. घराला कुलूप होते. शेजारच्या बाईंनी सांगितले की ते २०१९ साली वारले, पत्नी मुलाकडे असते, मुलगा पुण्याजवळ एका कारखान्याची बस चालवतो. त्यांनी त्याचा पत्ता एका वहीच्या पानावर लिहून दिला. मी त्याला सविस्तर पत्र लिहिले आहे, नोंदवहीतल्या तिन्ही नोंदींच्या तारखांसह, आणि सोबत धनाकर्ष पाठवला आहे, तेव्हापासूनच्या व्याजासह. पोचपावती आली आहे. धनाकर्ष अजून वटवलेला नाही.